एटीआरच्या मुलाखतीला जेटची तयारी करून जाऊ नकोस

प्रश्न पेडण्याच्या एका मुलीचा आहे. सीपीएल म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना झालाय, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे, तास अडीचशेच्या आत, टाईप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक विमानाची परवानगी, नाही. एटीआर, म्हणजे दोन प्रोपेलरचं छोटं प्रवासी विमान, चालवणाऱ्या एका कंपनीने सह-वैमानिकपदासाठी बोलावलंय आणि हातात तीन आठवडे आहेत. काय वाचू, पॅनेल काय विचारतं, ‘जेट का नको’ म्हणाले तर काय सांगू, आणि बाँडवर, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याच्या करारावर, सही करावी का, असे तिचे चार प्रश्न. मी टर्बोप्रॉपवर, म्हणजे टर्बाइनने प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानावर, कॅप्टन आणि प्रशिक्षक म्हणून बरीच वर्षं काढली, मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलो. तिथून जे दिसतं ते लिहितो.

तिथून दिसतं ते असं: बहुतेक मुलं एअरबसची प्रश्नावली पाठ करून येतात. स्वेप्ट विंग, मॅक टक, डच रोल, सगळं घडाघडा. मग पॅनेलवरचा कॅप्टन शांतपणे विचारतो, ‘प्रोपेलर फेदर केला म्हणजे नक्की काय केलं?’ आणि समोरून येतं, ‘सर, ड्रॅग कमी होतो.’ पुढे काही नाही. खोलीत बसलेल्या सगळ्यांना कळतं की या मुलाचं मन दुसऱ्याच विमानात आहे. तुझ्या हातातले तीन आठवडे या एका गोष्टीसाठी वापर. ज्या विमानासाठी बोलावलंय त्याच विमानाची तयारी कर.

पहिला आठवडा प्रोपेलरला दे. तुझ्या प्रशिक्षणातल्या दोन इंजिनांच्या विमानावर फेदरिंग तू केलेलं असणारच, पण ते तुला कोऱ्या कागदावर काढून समजावता आलं पाहिजे. इंजिन बंद पडलं तरी वारा पात्यांना फिरवत राहतो, आणि पाती सपाट कोनात असली तर ती फिरती तबकडी विमानाला मागे ओढते. मांडवीत होडी वल्हवणारा माणूस वल्हं पाण्यात आडवं धरतो की कडेवर धरतो, यावर होडी थांबणार की सरकणार हे ठरतं. फेदर म्हणजे पात्यांची कड वाऱ्याकडे करणं. इतकं सांगितलंस की पुढचा प्रश्न ठरलेला: मग उड्डाणात पॉवर लिव्हर पुढे सारला की प्रोपेलर जास्त जोरात फिरतो का? नाही. फेरे गव्हर्नर नावाची यंत्रणा सांभाळते, वाढतो तो टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि तो पेलायला पात्यांचा कोन वाढतो. एटीआर ७२-६०० वर टेकऑफला प्रोपेलर शंभर टक्के म्हणजे मिनिटाला १,२०० फेरे घेतो, चढाईत तो ८२ टक्क्यांवर आणतात. लिव्हर फ्लाइट आयडलच्या, म्हणजे उड्डाणातल्या सर्वांत कमी ताकदीच्या खुणेच्या, मागे नेला की गोष्ट बदलते. तिथे पात्यांचा कोन थेट तुझ्या हातात येतो, त्याला बीटा म्हणतात, आणि हवेत असताना हात तिकडे जाऊ नये म्हणून मध्ये गेट ठेवलेलं असतं. ते गेट का आहे हे कुणी न विचारता सांगणारी मुलगी पॅनेलच्या लक्षात राहते.

इंजिनाचंही असंच. एटीआरच्या प्रॅट अँड व्हिटनी पीडब्ल्यू १२७ मध्ये प्रोपेलर फिरवणारं टर्बाइन बाकीच्या इंजिनाला दांड्याने जोडलेलं नसतं, मधून वाहणारा गरम वायूच त्याला फिरवतो. म्हणून त्याला फ्री टर्बाइन म्हणतात. नौदलाचं डॉर्नियर २२८ तू दाबोळीला पाहिलं असशील. त्याचं गॅरेटचं टीपीई ३३१ इंजिन फिक्स्ड शाफ्ट आहे, म्हणजे इंजिन फिरलं की प्रोपेलर फिरणारच. हा फरक उभ्या विमानातही दिसतो. थांबलेल्या एटीआरची पाती समोरून पाहिली तर कडेवर दिसतात, डॉर्नियरची रुंद बाजू दिसते. आता यातून प्रश्नांची माळ कशी निघते बघ. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-हवा पुरवणारं छोटं जादा इंजिन, नाही, मग जमिनीवर वीज आणि थंड हवा कुठून येते? उजव्या इंजिनाला प्रोपेलर ब्रेक आहे. ब्रेक लावून प्रोपेलर थोपवायचा आणि मागचं इंजिन चालू ठेवायचं, याला हॉटेल मोड म्हणतात. हे जमतं ते फ्री टर्बाइनमुळेच, डॉर्नियरवर जमणार नाही. तीन वेगवेगळी उत्तरं पाठ केलेला आणि एकच गोष्ट समजलेला, या दोघांतला फरक पॅनेलला दुसऱ्याच वाक्याला कळतो.

एक इंजिन जाणं हा मुलाखतीचा गाभा आहे, इथे घाई करू नकोस. क्रिटिकल इंजिन, म्हणजे जे बंद पडलं तर विमान सांभाळणं जास्त अवघड ते, कोणतं, हे विचारतातच. एटीआरचे दोन्ही प्रोपेलर मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. नाक वर असताना खाली येणारं पातं, म्हणजे उजवीकडचं, जास्त जोर देतं. उजव्या इंजिनाचा हा जोर विमानाच्या मध्यरेषेपासून जास्त लांब पडतो. म्हणून डावं इंजिन गेलं तर उरलेलं उजवं विमानाला जास्त वळवतं, आणि डावं क्रिटिकल ठरतं. हे हाताने हवेत दाखवत सांग, लाजू नकोस, पॅनेलवरचे सगळे असंच सांगतात. मग एटीपीसीएस या टेकऑफच्या ताकदीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेवर ये. टेकऑफला एका बाजूचा टॉर्क पडला की ही यंत्रणा आधी चांगल्या इंजिनाची ताकद वाढवते, पीडब्ल्यू १२७ एम असेल तर २,४७५ अश्वशक्तीवरून २,७५० पर्यंत, आणि साधारण दोन सेकंदांनी मेलेल्या बाजूचा प्रोपेलर आपोआप फेदर करते. अठ्ठावीस वर्षांचा नवखा इथपर्यंत छान सांगतो आणि थांबतो. कॅप्टनला ऐकायचं असतं ते यानंतरचं: यंत्रणेने तिचं काम केलं, आता तू काय करशील?

याच टप्प्यावर दोन अपघात नीट माहीत हवेत. नावं-तारखा फेकायला नव्हे, दोन्हींतून हातांनी काय शिकायचं ते सांगता यावं म्हणून. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२-६०० चा दोन नंबरचा प्रोपेलर टेकऑफनंतर आपोआप फेदर झाला. कॅप्टनने पॉवर लिव्हर मागे ओढला तो एक नंबरचा, म्हणजे चालू इंजिनाचा, आणि पुढे ते इंजिन बंदही केलं. विमान कीलुंग नदीत पडलं, ५८ पैकी ४३ जण गेले. दुसरा १५ जानेवारी २०२३ चा, नेपाळमधल्या पोखऱ्याचा. यती एअरलाइन्सचं एटीआर ७२-५०० उतरत होतं. फ्लॅप ३० करायचे होते, पण मॉनिटर करणाऱ्या वैमानिकाचा हात फ्लॅपच्या लिव्हरऐवजी प्रोपेलर आणि इंधन सांभाळणाऱ्या दोन्ही कंडिशन लिव्हरांवर गेला आणि दोन्ही प्रोपेलर फेदर झाले. इंजिनं चालू होती, पण ओढायला कुणीच नव्हतं. ७२ माणसं गेली. दोन्हीत यंत्रापेक्षा हात आणि तोंड यांचा प्रश्न मोठा आहे. म्हणून ‘तू काय करशील’चं उत्तर असं दे: आधी विमान सरळ ठेवीन, पाय योग्य बाजूला, वेग धरीन. मग कोणतं इंजिन गेलं ते मोठ्याने म्हणेन, दुसऱ्याकडून दुजोरा घेईन, आणि त्याने ‘कन्फर्म्ड’ म्हटल्याशिवाय कुठलाही लिव्हर मागे नेणार नाही. लिव्हर धरण्याआधी तो कोणता आहे हे डोळ्यांनी पाहीन. एवढं ऐकल्यावर पॅनेलवरचा म्हातारा खुर्चीत मागे टेकतो. तेवढं तुला पुरे.

बर्फाचा प्रश्न गोव्याच्या पोरांना चकवतो. आपल्याकडे कुठलं आलंय बर्फ, असं वाटतं. पण पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी आपल्या डोक्यावर साधारण सोळा ते अठरा हजार फुटांवर असते, आणि एटीआर जास्तीत जास्त पंचवीस हजारांपर्यंत जातं. म्हणजे जुलैत हैदराबादला जाताना तू नेमकी त्या ढगांमध्येच असतेस. जेट त्यांच्यातून झटकन वर निघून जातं, आपण तिथेच मुक्कामाला. पंखांच्या पुढच्या कडेवरचे रबरी बूट हवेने फुगून बर्फ फोडतात, प्रोपेलरची पाती आणि काचा विजेने तापतात, हे सांगायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बर्फ असताना किमान वेग वाढतात, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, इशारा आधी वाजतो, आणि वेग पडत चालला असेल तर ऑटोपायलट तो तुझ्यापासून लपवत राहतो. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनजवळ अमेरिकन ईगलचं एटीआर ७२ घिरट्या घालत असताना बुटांच्याही मागे बर्फाची कड तयार झाली, एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या, आपोआप वळले, आणि ६८ माणसं गेली. त्यानंतर एटीआरच्या पंखांवरचे बूट रुंद केले गेले. ‘सिव्हियर आयसिंगमध्ये काय करशील?’ याचं उत्तर ‘बाहेर पडेन’ हेच. त्यानंतर तपशील.

आता धावपट्टी. इथे तुझी भूमी कामाला येते. मोपाला मनोहर विमानतळाचं उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झालं, जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली, आणि मार्च २०२४ पासून फ्लाय ९१ ही कंपनी तिथूनच एटीआर ७२-६०० चालवते. आधी गोव्याच्या मुलाला टर्बोप्रॉपची नोकरी म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेणं होतं, आता निदान एक तळ घरापासून अर्ध्या तासावर आहे. मुलाखत कुठल्याही कंपनीची असो, या भागातल्या टर्बोप्रॉपच्या जागा नकाशावर बोट ठेवून सांगता आल्या पाहिजेत: चिपीला सिंधुदुर्गची २,५०० मीटरची पट्टी, आणि लक्षद्वीपात अगत्तीची साधारण १,२०० मीटरची, दोन्ही टोकांना समुद्र. पॅनेल अगत्तीवर हिशेब घालतं. युरोपच्या नियमात टर्बोप्रॉपने उपलब्ध पट्टीच्या ७० टक्क्यांत थांबून दाखवायचं असतं, जेटला ६० टक्के. म्हणजे कोरड्या पट्टीवर ८४० मीटर, आणि ओल्या पट्टीला आणखी १.१५ ने भागायचं, म्हणजे सुमारे ७३०. हे तोंडी करता आलं पाहिजे, आणि लगेच पुढे म्हणता आलं पाहिजे की मग वजन कमी करावं लागेल, म्हणजे माणसं किंवा इंधन, आणि इंधन कमी केलं तर पर्यायी विमानतळाचं काय? बेटावर पर्याय जवळ नसतो. इथून गप्पा सुरू होतात, आणि मुलाखत गप्पांवर आली की समज अर्धं काम झालं.

तोंडी हिशेबात आणखी दोन हमखास येतात. सतरा हजारांवरून तीन हजारांवर यायचंय, कधी सुरुवात करशील? चौदा हजार फूट, हजाराला तीन मैल, म्हणजे ४२ नॉटिकल मैल, आणि ग्राउंड स्पीड २४० असेल तर त्याच्या पाचपट, मिनिटाला १,२०० फूट. दुसरा वाऱ्याचा: दाबोळीची पट्टी २६, वारा २९० अंशांवरून २४ नॉट. फरक तीस अंश, निम्मा आडवा, १२ नॉट, उजवीकडून. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा आणि २६ ही जोडी तू रोज मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचून डोक्यात बसव. चहा घेताना दाबोळी आणि मोपाचा मेटार मोठ्याने वाचायचा, तीन आठवडे. घरचे हसतील, हसू देत.

बाकी पुस्तकी भाग पटकन सांगतो, कारण तो तुला येतोच. एअर रेग्युलेशन्समधले ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम वाच. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ झाली ती १ जुलै २०२५ पासून. उड्डाणापूर्वी दारू बारा तास बंद, आणि ब्रेथ अॅनालायझर माऊथवॉशलाही ओळखतो. काजूच्या हंगामात हुर्राक पिऊन ‘थोडीच घेतली होती’ म्हणणाऱ्याला कुठलंही पॅनेल, कुठलाही डॉक्टर ऐकून घेत नाही. लॉगबुक स्वच्छ ठेव, कुठल्याही पानावर बोट ठेवून ‘या दिवशी काय झालं?’ विचारतात. बस, एवढंच.

सिम्युलेटरची चाचणी असेल तर लक्ष पायांकडे दे. टर्बोप्रॉपवर पॉवर हलवली की नाक सरकतं, वेग बदलला की सरकतं, आणि प्रत्येक वेळी रडर ट्रिम लागतो. जेटच्या सिमवर तासभर सराव करून आलेल्याचे पाय जमिनीवर निवांत असतात आणि विमान तिरकं सरकतंय हे दाखवणारा चेंडू एका कोपऱ्यात जाऊन बसलेला असतो. परीक्षकाला तुझं आयएलएस, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यांवर पट्टीकडे येणं, रेषेवर अगदी नेमकं नको असतं. पहिल्या चक्करीत सांगितलेली चूक दुसऱ्यात सुधारली का, हे तो बघतो. सिमचे पैसे नसतील तर एटीआरच्या कॉकपिटचं चित्र भिंतीला लाव, स्टुलावर बस आणि भावाला किंवा आईला चेकलिस्ट वाचायला सांग. हात चित्रातल्या त्या त्या लिव्हरवर जाऊ दे. कंडिशन लिव्हरचे खुणेचे टप्पे, पॉवर लिव्हरचा नॉच, फ्लॅपचं हँडल कुठे, हे अंधारात सांगता येईपर्यंत. पोखरा वाचल्यावर हे का करायचं ते सांगायला नको.

आता ‘जेट का नको?’ याला ‘मला टर्बोप्रॉप लहानपणापासून आवडतं’ असं सांगू नकोस. पॅनेलवर बसलेल्या निम्म्या लोकांनी कधीतरी जेटसाठी अर्ज केलेला असतो, त्यांना खोटं ऐकू येतं. खरं उत्तर चांगलंच आहे, तेच दे. दिवसाला चार-पाच सेक्टर म्हणजे चार-पाच टेकऑफ आणि तितकीच लँडिंग. लांब पल्ल्याच्या सह-वैमानिकाला तेवढी मिळायला आठवडे जातात. ताकद आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल नसल्यामुळे वेग हातानेच सांभाळावा लागतो. छोट्या पट्ट्या, खालचं हवामान, रोज निर्णय. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीच्या परवान्याला, १,५०० तास लागतात, ते इथे लवकर भरतात आणि कमांडची संधीही साधारणपणे लवकर येते. ‘मग कमांड मिळाल्यावर जेटला जाशील?’ असा पुढचा चिमटा येईल. ‘कदाचित, पण त्याआधी इथे कमांड करून तुमचे पैसे वसूल करून देईन’ असं हसत म्हणालीस तर कुणी रागावत नाही. आणि ‘प्रादेशिक विमानसेवा का?’ विचारलं तर छोट्या गावांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेची माहिती असू दे. पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला झालं, तेही एटीआर ४२ नेच. सोलापूर, जळगाव, चिपी या गावांना विमान मिळालं तेही प्रोपेलरच्याच विमानाने.

स्वभावाचे प्रश्न गोव्यात एका खास रूपात येतात. ‘चवथीला घरी नसशील, चालेल?’ पेडण्याच्या मुलीला हा प्रश्न येणारच. ‘हो सर, काहीच अडचण नाही’ हे उत्तर खोटं वाटतं. ‘घरचे नाराज होतील, मीही होईन, पण रोस्टर आधी कळलं तर नैवेद्याच्या आदल्या दिवशी येऊन जाईन’ हे माणसाचं उत्तर आहे. दुसरा प्रश्न जड असतो: कॅप्टन किमान उंचीखाली पट्टी दिसत नसताना खाली जातोय, तू काय करशील? पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी विचलन मोठ्याने सांगायचं, मग ‘गो अराउंड’ म्हणायचं, दोनदा स्पष्ट सांगूनही उत्तर नाही तर नियंत्रण घ्यायचं. पण पॅनेल पायऱ्यांपेक्षा आवाज ऐकतं. वीस वर्षं मोठ्या माणसासमोर ‘सर, बहुतेक आपण जरा खाली आहोत का?’ असं कुजबुजणारा आवाज जुलैत रात्री कामाचा नाही. घरी मोठ्यांसमोर खालच्या आवाजात बोलायचं हे आपल्याला लहानपणी शिकवलं जातं, तेव्हा ‘गो अराउंड’ हे दोन शब्द भिंतीवरच्या त्या चित्रासमोर बसून रोज मोठ्याने म्हण. उद्धट व्हायचं नाही, ठाम व्हायचं. आणि मुलाखतीत एखादं उत्तर येत नसेल तर ‘येत नाही सर, पण असा विचार करेन’ म्हणून विचार मोठ्याने कर. कॉकपिटमध्ये गप्प बसणारा हुशार माणूस कुणालाच नको असतो.

शेवटी पॅनेल विचारतं, ‘तुला काही विचारायचंय?’ इथे पगार विचारू नकोस, तो पुढे कळतो. बेस कुठला, टाईप रेटिंग कुठल्या सिमवर आणि कधी, लाइन ट्रेनिंगला, म्हणजे प्रवाशांच्या उड्डाणांतल्या प्रशिक्षणाला, किती थांबावं लागतं, हे विचार. टाईप रेटिंग झालं आणि लाइनवर जायला सहा महिने लागले तर हात गंजतात, आणि त्याचा खर्च कुणाच्या डोक्यावर हे तेव्हाच कळलेलं बरं.

बाँडचं शेवटी. टाईप रेटिंगचा खर्च कंपनी करत असेल तर काही वर्षांचा करार मागणं रास्त आहे, त्याला नाही म्हणून चांगली नोकरी सोडू नकोस. पण तीन गोष्टी कागदावर बघ. रक्कम दरमहा कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते. प्रशिक्षणात नापास झालीस किंवा कंपनीनेच कमी केलं तर ती लागते का. आणि करार नक्की कधीपासून मोजतात, सही केल्यापासून की लाइनवर सोडल्यापासून. याशिवाय विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने २०१७ मध्ये सह-वैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष असा नोटीस कालावधी ठरवलेला आहे, तो बाँडपेक्षा वेगळा, दोन्ही एकत्र मोज. कागद घरी आण, म्हापशाला ओळखीचा वकील असेल तर त्याला वाचून दाखव, आणि ‘उद्या सकाळपर्यंत सही करा’ म्हणाले तर दोन दिवस माग. देतात.